कपाटातली डबल बेल

मात्राबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि दुसऱ्याच्या लिखाणातून निसटलेली एकही मात्रा त्यांच्या नजरेतून सुटली नाही, म्हणून तिथल्या खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी हे नाव पाडलं. त्यांना वाटलं, बाई चिडतील. बाईंनी त्या नावातसुद्धा खोट काढली. "नुसती मात्रा कशी? काना कुठे गेला?" म्हणाल्या. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पुढे माहेरचे, सासरचे, गल्लीतले, सगळे त्यांना मात्राबाई म्हणू लागले, आणि टपालवाला तर पत्त्यावरचं खरं नाव वाचून गोंधळून जायचा.

त्यांचे यजमान बसवर कंडक्टर. त्यांनाही कुणी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. एकाचं पोट दिवसभर तोंड चालवून भरायचं, दुसरीचं दिवसभर तोंड मिटून. तरी त्यांचं जमलं कसं याचं लोकांना कोडं होतं. कोडं कसलं त्यात? तो बोलायचा, ती ऐकायची आणि मधूनमधून दुरुस्त करायची. संसार याहून फार वेगळा कुणाचा असतो असं मला तरी दिसलेलं नाही.

कंडक्टरांची एक खोड होती. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा त्यांच्या हातातून कधी सुटायचा नाही. बेल बिघडली की ते त्याच चिमट्याने दांडीवर ठोकायचे. एकदा ठोकलं की थांबा, दोनदा ठोकलं की चला. निवृत्त झाले तरी चिमटा खिशात होताच. चहा पुरे झाला की टेबलावर एकदा टक्. बाजारात जायला चपला घातल्या की दारावर टक् टक्. मात्राबाई चिडायच्या, "मी काय उतारू आहे?" तर म्हणायचे, "तुम्ही पासवाल्या."

मग मात्राबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला. आयुष्यभर ज्या डोळ्यांनी पोट भरलं, त्या डोळ्यांना आधी कडेची माणसं दिसेनाशी झाली, मग ओळीची दोन्ही टोकं, आणि शेवटी फक्त उजेड आणि अंधार यातला फरक उरला. त्यांना माणसं दिसत नाहीत याचं दुःख नव्हतं. पुस्तकं वाचता येत नाहीत याचं होतं. हे मी माझ्या मनचं सांगत नाही, त्या स्वतःच सांगायच्या, आणि भेटायला आलेल्या माणसाच्या तोंडावर सांगायच्या.

तेव्हा कंडक्टर वाचू लागले. छापखान्यात एक पद्धत असते: एक जण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचतो आणि दुसरा समोरच्या मुद्रितावर नजर ठेवतो. मात्राबाईंनी नवऱ्याला त्याच शिस्तीत घेतलं. सुरुवातीला कंडक्टर थांबे पुकारल्यासारखं वाचायचे, सगळा परिच्छेद एका दमात. "अहो, पूर्णविराम गिळू नका!" मग त्यांनी स्वतःची युक्ती काढली. परिच्छेद संपला की चिमटा एकदा वाजवायचा, पान उलटून पुढे निघाले की दोनदा. मात्राबाईंना ते आवडलं, पण तसं म्हणाल्या नाहीत.

"मी आहे तोवर समोर बसून वाचीन," कंडक्टर एकदा म्हणाले. "पण गाडीचा काय भरवसा? मधेच बंद पडते." म्हणून आतल्या खोलीत खिडकीला घोंगडी लावून ते पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायला बसले. मात्राबाईंची भाची तेव्हा एका इस्पितळात कॉम्प्युटरांची देखभाल करायची. तिने भिंतीतल्या कपाटात एक काळी पेटी बसवून दिली. पेटीत दोन डिस्क, एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवर. "एक गेली तरी दुसरी आहे," भाची म्हणाली. एक स्पीकर दिला आणि हातात मावेल असा रिमोट. त्यावरच्या 'मागे' आणि 'पुढे' या बटणांवर डिंकाचे ठिपके टाकले, म्हणजे बोटांना कळावं. कंडक्टर वाचत राहिले, कपाटात पुस्तकं साठत राहिली, आणि एका दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्याच गेले.

मात्राबाई रडल्या की नाही हे कुणाला कळलं नाही. तेराव्या-चौदाव्या दिवशी म्हणा, त्यांनी रिमोट हातात घेतला आणि पहिलं पुस्तक लावलं. आवाज आला, चिमटा वाजला. मात्राबाई पाय वर घेऊन बसल्या. पुढे त्यांची रोजची दुपार अशीच जाऊ लागली, आणि खरं सांगायचं तर ती बरी जात होती.

मग एक दिवस कपाटातून शिट्टीसारखं काहीतरी वाजायला लागलं. थांबेचना. मात्राबाईंनी फ्रिजचं दार चाचपलं, गॅसची बटणं चाचपली, शेवटी समोरच्या वहिनींना हाक मारली. वहिनी आल्या, पेटीला इकडेतिकडे हात लावला, मागचं एक बटण दाबलं, आणि शिट्टी बंद झाली.

"लाइट चालू आहे ना तिचा?" मात्राबाईंनी विचारलं.

"आहे की, छान पिवळा."

तो नेहमी हिरवा असायचा, हे वहिनींना ठाऊक नव्हतं आणि मात्राबाईंना दिसत नव्हतं. दोन डिस्कपैकी एक त्या दिवशी मेली होती आणि पेटी जिवाच्या आकांताने तेच सांगत होती. पेटीने भाचीला ईमेलसुद्धा पाठवले होते. भाचीने तो पत्ता नोकरी बदलल्यावर सोडून दिला होता. सगळ्यांनी आपापल्या परीने चांगलंच केलं आणि पेटीचं तोंड बंद केलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी मात्राबाई एक जाडजूड कादंबरी ऐकत होत्या. बऱ्याच वर्षांनी घरी परतलेला एक माणूस संध्याकाळी दाराशी उभा राहतो, बायको आतून विचारते, "कोण?" कंडक्टरांनी ते "कोण?" मोठं झकास वाचलं होतं, अगदी बाईच्या आवाजात. मग: "तो म्हणाला..." आणि आवाज थांबला.

स्पीकर गप्प. खोली गप्प. आणि कपाटातून, स्पीकरमधून नव्हे, कपाटातून आवाज आला: टक्. टक्.

मग कंडक्टर पुढे बोलू लागले, "...आणि तिने दिवा मालवला."

मात्राबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आधी भीतीने नव्हे, सवयीने. मजकूर गळला होता. दाराशी आलेला माणूस काय म्हणाला ते वाक्य गायब होतं. हे पुस्तक त्यांनी पूर्वी ऐकलेलं, ते वाक्य तिथे होतं, पण काय होतं ते काही केल्या आठवेना. छापखान्यात अशा वेळी नियम एकच: मजकूर गळलेला दिसला की समासात खूण करायची आणि लेखकाला विचारायचं. स्वतःच्या मनाने भर घालायची नाही. भल्याभल्यांनी मनाने भर घालून पुस्तकांची वाट लावलेली मात्राबाईंनी पाहिली होती.

त्यांनी 'मागे' दाबलं. "कोण?" "तो म्हणाला..." शांतता. टक्. टक्. पुन्हा दाबलं. या वेळी शांतता जास्त लांबली, टक् टक् जास्त झालं. पुन्हा. जिवाचा कान करून त्या ऐकत होत्या, जसं अस्पष्ट उमटलेलं अक्षर पूर्वी भिंगाखाली धरून पुन्हा पुन्हा बघायच्या. शेवटी अगदी सहज, कामाच्या सुरात त्यांनी विचारलं, "अहो, इथे काय गळलंय?"

टक्.

एकदाच. थांबा.

मात्राबाईंच्या हातातून रिमोट खाली पडला.

त्या काही भाबड्या नव्हत्या. भुतंखेतं त्यांनी फक्त मुद्रितांत पाहिली होती आणि तिथेही त्यांचं शुद्धलेखन कच्चं असायचं. पण तो आवाज त्यांना अनोळखी असता तर गोष्ट वेगळी. त्या आवाजाने त्यांना उभा जन्म उठवलं होतं, बसवलं होतं, बाजाराला नेलं होतं. ओळखीच्या माणसाने दार वाजवलं तर तुम्ही काय करता? उघडताच ना?

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तीच जागा लावली. आवाज अडखळला की त्या विचारायच्या आणि कपाट उत्तर द्यायचं. मग प्रश्न पुस्तकाबाहेर गेले. "आज पाय फार दुखतोय, खाली उतरू का?" टक्. बरं, नाही उतरत. "भाचीला फोन करू का, की तिला कामात त्रास होईल?" टक्. नाही केला. "हा दाराशी आलेला माणूस, तो चांगला होता ना?" टक् टक्. मात्राबाई हसल्या. कित्येक महिन्यांत त्या अशा हसल्या नव्हत्या. बाहेर जाणं कमी झालं, फोन कमी झाले, समोरच्या वहिनींना त्या दारातूनच परत पाठवू लागल्या. दुपार झाली की कपाटासमोर खुर्ची. पुस्तकातलं पुढचं काही त्यांना नको होतं. जिथे कंडक्टर अडायचे तीच जागा हवी होती, कारण तिथेच ते बोलायचे.

आणि ती जागा वाढत चालली होती. आधी एक वाक्य गळलं होतं, मग आधीचं "कोण?" गेलं, मग पुढचा दिवा. मात्राबाईंना ते कळत होतं. त्यांना वाटलं, हे वाचन कमी करून बोलणं वाढवतायत.

एका दुपारी कपाटाचं दार हाताला कोमट लागलं. आत काहीतरी दबक्या आवाजात आपटत होतं, अगदी जवळ, जणू दोघांच्या मधे फक्त ती फळी होती. मात्राबाई कपाळ दाराला टेकवून उभ्या राहिल्या. घरात दुसरा कसलाही आवाज नव्हता. खरं तर त्यांना काही विचारायचं नव्हतं. पण तोंडातून गेलं, "मी तिकडे येऊ का?"

बराच वेळ काहीच झालं नाही.

मग: टक्.

मात्राबाईंनी श्वास रोखला. एक झालं. थांबा. का दुसरं यायचं आहे? आणि नेमकी त्याच क्षणी दाराची घंटा जोरात वाजली, त्या दचकून मागे सरकल्या, आणि दुसरं टक् झालं की नाही हे त्यांना कळलंच नाही.

दारात भाची होती. "मावशी, फोन का उचलत नाहीस? समोरच्या वहिनींनी कळवलं, तू कुणाशी तरी बोलत असतेस म्हणून." ती आत आली. कपाटातून टक् टक् येत होतं. ती धावतच तिकडे गेली. दार उघडल्याचा आवाज मात्राबाईंनी ऐकला, आणि त्यापाठोपाठ भाचीचा, "अरे देवा."

"काय झालं?"

"हे कधीपासून वाजतंय?"

"तुझे काका आहेत ते," मात्राबाई म्हणाल्या. अगदी साधेपणाने म्हणाल्या.

तिने मावशीला खुर्चीवर बसवलं आणि त्यांचा हात धरून पेटीवर ठेवला. "हात लाव. जाणवतंय? आत तबकडी फिरते. तिच्यावरून एक बारीक काटा फिरतो, न टेकता, आणि वाचतो. त्याला एखादी जागा वाचता आली नाही की तो मागे जाऊन आपटतो, पुन्हा येतो, पुन्हा आपटतो. तोच हा आवाज. डिस्क मरायला लागली की असंच करते. दुसरी तर कधीच गेलेली दिसतेय. मीच दोन्ही एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतल्या, आणि एका वयाच्या डिस्क पाठोपाठच मरतात. माझंच चुकलं."

"तो परत परत तीच जागा वाचतोय म्हणतेस."

"हो."

"कारण मी 'मागे' दाबते म्हणून."

भाचीला आता खोटं बोलता येईना. "हो, मावशी. तू जितक्यांदा ती जागा लावलीस तितक्यांदा तिथलं आणखी खरवडलं गेलं. पसरत जातं ते. सगळी पुस्तकं याच एका डिस्कवर आहेत."

मात्राबाईंनी हात काढून घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि स्वतःची सापडली ती ही. नवऱ्याला हाक मारून मारून त्याचा आवाज त्यांनी स्वतःच पुसत आणला होता. त्यांना वाटलं ओरडावं, पण ओरडायची सवय नव्हती.

भाचीने पेटी बंद केली. "आता हिला अजिबात हलवायचं नाही आणि सुरू करायचं नाही. बंद-चालू केली तर पुन्हा उठेलच असं नाही. मी उद्या दुपारी नव्या डिस्क आणि माझं मशिन घेऊन येते. कदाचित एकदाच चालेल. त्या एकदात जे उचलता येईल ते उचलायचं. तोवर या बटणाला हात लावणार नाहीस ना?"

"नाही."

"माझ्या गळ्याची शपथ?"

"नाही म्हटलं ना!"

सांगणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्राबाई उठल्या तेव्हा घर मुकं झालं होतं. त्यांनी चहा केला, तो प्यायला विसरल्या. पुन्हा पुन्हा पाय कपाटाकडे वळत होते. तबकडी, काटा, सगळं कळलं होतं. पण कळणं एक आणि तो प्रश्न एक. मी येऊ का, असं विचारलं होतं, आणि उत्तर अर्धं राहिलं होतं. थांबा, की चला? बटण दाबलं तर एका क्षणात कळेल. आणि बटण दाबलं तर कदाचित सगळी पुस्तकं जातील, ते घोंगडीआडचे दिवस, कंडक्टरांनी काढलेले ते बाईचे आवाज, सगळं.

त्यांचं बोट बटणावर गेलं. गार होतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, किती वेळ ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शंका आली की लेखकाला विचारावं, हे खरं. पण लेखकाचं हस्तलिखित फाडून नव्हे. मात्राबाईंनी बोट मागे घेतलं, खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, लहान मुलांना शाळेत बसवतात तसे. भाची आली तेव्हाही त्या तशाच बसलेल्या होत्या.

भाचीने डिस्क जागेवरच हलक्या हाताने आपल्या मशिनला जोडली. "जे नीट आहे ते आधी उचलायचं," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "जिथे अडेल तिथे हट्ट करायचा नाही, सोडून पुढे जायचं." आणि तिने बटण दाबलं.

तबकडी कण्हत उठली. आणि टक्. टक्. टक् टक्. टक्. पूर्वी कधी असं वाजलं नव्हतं, घाईघाईने, दाराबाहेर अडकून पडलेलं माणूस दार बडवतं तसं. भाची कळा दाबत होती. "ओळखतच नाहीये. मावशी, उघडतच नाहीये काही." तिने कळांवरचा हात काढला. "गेलं बहुतेक."

मात्राबाईंना ते टक् टक् कळत होतं. त्यांना वाटलं, कालचं राहिलेलं उत्तर द्यायची धडपड चाललीय. मोजलं तर कळेलही. त्या उठल्या, चाचपत कपाटाशी गेल्या, आणि मोजलं नाही. दारावर तळवा ठेवून म्हणाल्या, "अहो, पुरे. अगदी गप्प राहा. एक शब्द बोलू नका आता."

खोलीत शांतता झाली. तबकडी नुसती फिरत होती.

"मावशी," भाची हळूच म्हणाली, "उतरतंय."

संध्याकाळपर्यंत उतरत होतं. मात्राबाई दाराला हात लावून बसून होत्या आणि आतून एकदाही आवाज आला नाही. भाचीने मागाहून सांगितलं की कधी कधी होतं असं, डिस्क थंड असताना जरा वेळ धरते. सांगताना ती मावशीकडे पाहत नव्हती. जवळजवळ सगळी पुस्तकं बचावली. फक्त त्या कादंबरीतला दाराशी आलेल्या माणसाचा भाग पुरता गेला होता, पुढच्या-मागच्या पानांसकट. काम संपल्यावर जुनी डिस्क एकदा खरखरली आणि थांबली; पुन्हा फिरली नाही. भाचीने नव्या डिस्क बसवल्या, आणखी एक प्रत स्वतःच्या घरी नेली, ईमेलचा पत्ता बदलला आणि समोरच्या वहिनींना हिरव्या आणि पिवळ्या दिव्यातला फरक शिकवून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्राबाईंनी पुस्तक लावलं. आवाज धडधाकट आला. कुठे अडखळ नाही, कुठे खंड नाही. परिच्छेद संपला की चिमटा वाजत होता, जिथे वाजायला हवा तिथे, तितकाच. मात्राबाईंनी कपाळ कपाटाला टेकवलं. दार गार होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "झालं आता काम. बोला. काल गप्प राहा म्हटलं ते तेवढ्यापुरतं म्हटलं होतं."

कंडक्टर थांबले नाहीत. पुढची ओळ वाचत राहिले.